मळणीचा ड्रम आणि पवनचक्कीची पाती: अँड्र्यू मीकल यांनी नेमके काय केले?

प्रश्न असा आहे: मळणी यंत्राचा शोध स्कॉटलंडच्या अँड्र्यू मीकल यांनी लावला असे सगळीकडे लिहिलेले असते, पण त्यांच्या आधी निदान तीन माणसांची यंत्रे चालली होती. मग श्रेय मीकल यांनाच का? पवनचक्कीच्या पात्यांशी त्यांचे नाव कसे जोडले गेले? आणि आज आपल्याकडे खळ्यावर जे मळणी यंत्र येते, त्याच्याशी या सगळ्याचा काही संबंध आहे का?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. संबंध आहे, आणि चांगला जवळचा आहे. ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर फिरणारा ड्रम, त्याभोवती अर्धगोल जाळी, पुढे भूस उडवणारा पंखा, या मांडणीचा गाभा अठराव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत ठरला. तो ठरवणारा माणूस शेतकरी नव्हता. गिरण्या बांधणारा आणि दुरुस्त करणारा कारागीर होता, आणि माझ्या मते सगळी मेख तिथेच आहे. गिरणीवाल्याचे आयुष्य वेगाशी झगडण्यात जाते. पाणी कमी आले की जाते मंदावते, वारा वाढला की सुसाट सुटते. मीकल यांच्या आधी मळणीचे यंत्र करू पाहणारे लोक ‘हाताची क्रिया यंत्राने कशी करावी’ असा विचार करत होते. मीकल यांनी ‘दाण्यावर किती वेगाने आणि किती वेळा आघात व्हावा’ असा विचार केला.

मीकल यांचा जन्म १७१९ चा, मृत्यू १८११ चा. ईस्ट लोथियन परगण्यात ईस्ट लिंटन गावाजवळ हूस्टन मिल नावाची पाणचक्की होती, तिथे त्यांचे काम चाले. वडील जेम्स मीकल हेही गिरणी-कारागीर. सॅल्टनच्या फ्लेचर घराण्याने १७१० मध्ये त्यांना हॉलंडला पाठवले होते, जव सडून त्याची साल काढण्याची डच गिरणी कशी बांधतात ते शिकून यायला. ते ती विद्या घेऊन आले आणि सोबत धान्य वारवण्याच्या पंख्याची कल्पनाही. आपल्याकडे वावडीवर उभे राहून, सूप डोक्यावर धरून वाऱ्याची वाट पाहत उफणणी होते, तसेच तिथेही कोठाराची समोरासमोरची दोन दारे उघडून वाऱ्याच्या झोतात धान्य पाखडत. हाताने फिरवायच्या पंख्याने ती वाट पाहणे संपले. स्कॉटलंडमधल्या काही कर्मठ मंडळींनी त्याला ‘सैतानाचा वारा’ म्हटले. देवाने पाठवलेल्या वाऱ्यावर न थांबता माणसाने आपला वारा करावा, हे त्यांना रुचले नाही.

अँड्र्यू मीकल यांनी १७६८ मध्ये रॉबर्ट मॅकेल यांच्यासोबत धान्य साफ करण्याच्या यंत्राचे इंग्लिश पेटंट घेतले. म्हणजे मळणीकडे वळण्याआधी त्यांचा हात उफणणीवर आणि सफाईवर बसलेला होता. याचा फायदा पुढे झाला.

आता मळणी. आपल्या डोळ्यांसमोर खळे असते: मध्ये तिवडा, त्याभोवती मुसकी बांधलेल्या बैलांची पात, खुरांखाली कणसे भरडली जातात. कोरडी हवा आणि उन्हात तापलेली जमीन असेल तरच ही पद्धत चालते. स्कॉटलंडमध्ये कापणीनंतर पाऊस आणि दमटपणा असतो, त्यामुळे पेंढ्या गंजीत ठेवून हिवाळाभर कोठाराच्या लाकडी फरशीवर त्या झोडपत. हत्यार एकच: लांब दांड्याला चामड्याच्या वादीने बांधलेला आखूड सोटा. मजूर तो फिरवून कणसांवर आपटत. काम कंटाळवाणे, धूळ नाकातोंडात, आणि देखरेख नसली की निम्मे दाणे पेंढ्यात राहिलेले.

दाणा कणसातून सुटतो तो आघाताने किंवा घर्षणाने. ओट्सचा दाणा सहज सुटतो. जवाची कुसळे चिवट असतात. गहू टरफलात घट्ट बसलेला असतो. म्हणून ओट्सवर उत्तम चालणारे यंत्र गव्हावर नापास होऊ शकते, आणि मीकल यांच्या आधीच्या यंत्रांचे बरेचसे तसेच झाले.

पहिला नाव घेण्याजोगा प्रयत्न मायकेल मेन्झीज यांचा, १७३० च्या दशकातला. त्यांनी पाणचक्कीच्या आसावर झोडपायचे सोटेच बसवले. हाताचे काम यंत्राने, अगदी शब्दशः. पाहणाऱ्यांवर छाप पडली, कारण एक माणूस यंत्र सांभाळून अनेकांचे काम उरकत होता. पण सोटे मोडत. कारण उघड आहे. माणूस सोटा आपटताना शेवटच्या क्षणी मनगट सैल सोडतो आणि फरशीचा धक्का चामड्याच्या वादीत जिरतो. यंत्राला मनगट नसते. दाणा सुटावा म्हणून वेग वाढवला की सगळा धक्का लाकडावर आणि वादीवर येतो.

दुसरे यंत्र डनब्लेनजवळच्या मायकेल स्टर्लिंग या शेतकऱ्याचे, १७५८ चे. उभ्या आसाला चार आडवे हात, भोवती पिंपासारखे आवरण, वरून पेंढ्या आत सोडायच्या. ओट्सवर ते छान चालले. गहू आणि जव टाकले की कणसातून दाणा सुटण्याऐवजी कणीसच देठापासून तुटायचे. इथली चूक पाहण्यासारखी आहे: पेंढी कुणी धरून ठेवलेलीच नव्हती. मोकळ्या काडीला फटका मारला की काडी फटक्याबरोबर पळते आणि सगळ्यांत कमजोर जागी, म्हणजे कणसाच्या मानेशी तुटते.

तिसरी दिशा नॉर्थंबरलंडमधली, १७७० च्या दशकातली. साधारण सहा फूट व्यासाचा खाचांचा मोठा ड्रम, त्याभोवती स्प्रिंगने दाबलेले खाचांचे रूळ, आणि दोहोंच्या मधून पेंढी घासत न्यायची. म्हणजे बैलांच्या पायांचे काम लोखंडाने. यात दाणा सुटे, पण भरडलाही जाई. दाब कमी केला तर दाणा कणसात राहतो, वाढवला तर कणी होते. पेंढी कुठे जाड, कुठे पातळ असणारच, त्यामुळे एकाच दाबावर दोन्ही बाजूंनी नुकसान.

गिल्मर्टनचे सर फ्रान्सिस किनलॉक या जमीनदारांनी याच घासणाऱ्या यंत्रात सुधारणा करून एक नमुना बनवला आणि तपासायला मीकल यांच्याकडे पाठवला. हूस्टन मिलच्या पाणचाकाला तो जोडला, वेग वाढवला आणि काही मिनिटांत त्याचे तुकडे झाले. पुढे या किनलॉक प्रकरणावरून ‘खरा संशोधक कोण’ असा वाद बराच रंगला. तुकडे झालेल्या नमुन्यातून मीकल यांना काही सुचले असेल, नाही कोण म्हणतो? पण त्यांनी पुढे जे बांधले त्याचे तत्त्वच निराळे होते. घासणे गेले, झटका आला.

त्यांनी केलेली मांडणी अशी. एक फिरता ड्रम, त्याच्या परिघावर लांबीभर बसवलेल्या चार पट्ट्या, पट्ट्यांच्या धारेला लोखंडी पत्रा. या पट्ट्या म्हणजे फटके मारणारे हात, पण ड्रमला घट्ट ठोकलेले. सोट्यासारखे लोंबते नव्हेत. ड्रमच्या तोंडाशी ओतीव लोखंडाचे दोन खाचदार रूळ एकावर एक. पेंढी मोकळी करून, फळीवर पातळ पसरून, कणसे पुढे करून या रुळांत सरकवायची. रूळ काडी घट्ट धरतात आणि सावकाश पुढे ढकलतात. धरलेल्या काडीच्या पुढे आलेल्या टोकावर ड्रमच्या पट्ट्या सपासप बसतात. काडी पळू शकत नाही, म्हणून फटका दाण्यापर्यंत पोचतो.

आकडे घातले की यातली हुशारी नीट दिसते. त्या काळच्या वर्णनांत पट्ट्यांच्या धारेचा वेग मिनिटाला साधारण २,५०० फूट ठेवावा असे असे. ड्रम साडेतीन फूट व्यासाचा धरला तर परीघ ११ फूट, म्हणजे मिनिटाला सुमारे २२७ फेरे. चार पट्ट्या असल्याने मिनिटाला सुमारे ९०८ फटके. खाचदार रूळ साधारण साडेतीन इंच व्यासाचे आणि मिनिटाला ३५ फेरे घेणारे. म्हणजे ते मिनिटाला सुमारे ३८५ इंच पेंढी पुढे सरकवतात. भागाकार करा: दर फटक्यामागे काडी जेमतेम ०.४ इंच, म्हणजे एक सेंटिमीटर, पुढे येते. गव्हाची ओंबी आठ-नऊ सेंटिमीटर लांब असेल तर तिच्यावर टोकापासून देठापर्यंत आठ-नऊ फटके बसतात, आणि प्रत्येक फटका आधीच्या फटक्याच्या शेजारी. झोडपणाऱ्या मजुराला हे कधीच साधणार नाही.

रूळ आणि ड्रम यांचे हे प्रमाण म्हणजे यंत्राचा जीव. रूळ जोरात फिरवले तर काम भराभर दिसते, पण फटके विरळ पडतात आणि दाणे ओंबीत राहतात. ड्रमचाच वेग तेवढा वाढवला तर ओंबी साफ होते, पण वाळलेला दाणा फुटतो. ओल्या मालाला दोन्हीकडून सूट हवी: रूळ हळू, ड्रम थोडा जास्त.

ताकद पुरवायची कशी, हा पुढचा डोंगर. पाणी असेल तिथे पाणचाक, नसेल तिथे घोडे. घोडा मिनिटाला सुमारे २२० फूट चालतो. २७ फूट व्यासाच्या रिंगणाचा परीघ ८५ फूट, म्हणजे मिनिटाला अडीचच्या आसपास फेरे. त्यातून ड्रमचे २२७ फेरे काढायचे म्हणजे वेग ऐंशी-नव्वद पट करायचा. दात्यांच्या एका जोडीत हे होत नाही. साडेचार पटीचे तीन टप्पे घेतले तर ४.५ × ४.५ × ४.५ = ९१, म्हणजे जमते. पण प्रत्येक टप्प्याला घर्षणात थोडी ताकद जाते, आणि पहिल्या टप्प्याच्या लाकडी दात्यांवर सगळ्या घोड्यांची ओढ एकदम येते. घोडे सारखी ओढ देत नाहीत. एकाने हिसका दिला की दाता मोडतो. फळीवरचा माणूस पेंढी द्यायला चुकला की ड्रम हलका होतो आणि घोडे पळू लागतात. त्याने ढीग लोटला की घोडे अडखळतात, ड्रम मंदावतो आणि नेमका तोच ढीग न मळता बाहेर पडतो. म्हणून या यंत्रावरचा सर्वांत कसबी माणूस घोडे हाकणारा नसे. फळीवर पेंढी पसरणारा असे. ईस्ट लोथियन आणि नॉर्थंबरलंड भागात जुन्या कोठारांना चिकटून गोल किंवा बहुकोनी छपरांच्या इमारती दिसतात, त्या या घोड्यांच्या रिंगणासाठी बांधलेल्या. काही ठिकाणी शेतघराला विटांची उंच चिमणी दिसते. तिथे घोड्यांची जागा पुढे वाफेच्या इंजिनाने घेतली.

पहिले पूर्ण यंत्र १७८६ च्या सुमारास क्लॅकमननशायरमधल्या किल्बेगी इथे स्टाइन या गिऱ्हाइकासाठी मीकल यांचा मुलगा जॉर्ज याने उभारले. त्यानंतर हूस्टन मिलच्या शेजारच्या फँटासी इथल्या रेनी यांच्या शेतावर घोड्यांवर चालणारे यंत्र बसले. पेटंट एप्रिल १७८८ चे, क्रमांक १६४५. ड्रमच्या पुढे काडी ओढून झाडणारे फिरते दंताळे, खाली जाळी, आणि जाळीखाली धान्य वारवणारा पंखा ही जोड लवकरच मिळाली. वडिलांनी हॉलंडहून आणलेला पंखा इथे मुलाच्या ड्रमखाली येऊन बसला! एका टोकाने पेंढी घाला, दुसऱ्या टोकाने काड, खालून दाणा.

पेटंटमध्ये मात्र गोम होती. त्या काळी इंग्लंड आणि स्कॉटलंडची पेटंटे वेगळी असत. मीकल यांचे पेटंट इंग्लंडपुरते. स्कॉटलंडमध्ये कोणीही सुतार-लोहार यंत्र पाहून तसेच बांधू शकत होता, आणि बांधत होताही. यंत्र झपाट्याने पसरले, मीकल यांना त्यातून फारसे काही मिळाले नाही. १८०९ मध्ये सर जॉन सिंक्लेअर यांनी वर्गणी काढली आणि नव्वदीच्या या म्हाताऱ्या कारागिरासाठी सुमारे १,५०० पौंड जमा झाले. दोन वर्षांनी ते वारले. प्रेस्टनकर्कच्या चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे.

आता पवनचक्की. कालक्रमाने ती आधीची: १७७२. साध्या पवनचक्कीच्या पात्याला लाकडी जाळीची चौकट असते आणि तिच्यावर कापड ताणतात. वारा वाढला की कापड गुंडाळायचे. त्यासाठी चक्की थांबवायची, एक पाते खाली आणायचे, त्यावर चढून कापड आवरायचे, मग दुसरे पाते खाली. चार पात्यांना हाच उद्योग, आणि तोही वादळ चढत असताना. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की पात्यावरचा दाब चौपट होतो आणि वाऱ्यातली शक्ती आठपट. ताशी पंधरा किलोमीटरच्या वाऱ्याला लावलेले कापड ताशी तीस किलोमीटरच्या झोतात सापडले की गिरणीवाल्याकडे ब्रेक उरतो, आणि तोही लाकडाचा. जोरात धावणाऱ्या चाकावर तो घासत ठेवला तर पेट घेतो. जात्यात धान्य संपले आणि तळ्या, म्हणजे जात्याचे दोन दगड, एकमेकींवर घासल्या तर तिथूनही ठिणग्या. पवनचक्क्या जळण्याची ही दोन नेहमीची कारणे.

पिठाच्या दृष्टीनेही बेफाम वेग वाईट. वेग वाढला की जात्यात धान्य जास्त पडते, वरची तळी उचलली जाते आणि पीठ जाडेभरडे येते. वेग जास्त आणि तळ्या फार जवळ असल्या तर पीठ तापते, त्याचा वास बदलतो. जाते कितीही चांगले टाकवून घेतलेले असो, फिरण्यात सातत्य नसेल तर पीठ एकसारखे पडणार नाही.

मीकल यांनी कापड काढून पात्यात खिडकीच्या झडपांसारख्या लहान झडपांच्या ओळी बसवल्या. सगळ्या झडपा एका लांब पट्टीला जोडलेल्या, पट्टी एका स्प्रिंगला. वारा बेताचा असतो तेव्हा स्प्रिंग झडपा मिटलेल्या ठेवते आणि पाते भरीव पाते म्हणून काम करते. झोत आला की वाऱ्याचा दाब स्प्रिंगवर मात करतो, झडपा उघडतात, जादा वारा आरपार निघून जातो. झोत ओसरला की झडपा आपोआप मिटतात. गिरणीवाला पात्यावर चढत नाही.

यात दोन उणिवा राहिल्या. स्प्रिंग किती ताणायची हे प्रत्येक पात्यावर वेगळे ठरवावे लागे आणि त्यासाठी चक्की थांबवावीच लागे. शिवाय झडपांमधल्या फटींतून थोडा वारा वाया जातो, त्यामुळे मंद वाऱ्यात कापडाचे पाते जास्त ताकद देते. अनुभवी गिरणीवाल्यांनी त्यावर तोडगा काढला: चारांपैकी दोन पाती कापडाची ठेवायची, समोरासमोर, आणि दोन झडपांची. मंद वाऱ्यात कापड ओढते, झोतात झडपा सावरतात. पहिली उणीव विल्यम क्यूबिट यांनी १८०७ मध्ये दूर केली. आसाच्या पोकळीतून एक दांडा नेऊन त्यांनी चारही पात्यांच्या झडपा एकदम जोडल्या आणि स्प्रिंगच्या जागी खाली लोंबते वजन लावले. वजन बदलले की चक्की चालू असतानाच सगळी पाती नव्या वाऱ्याला जुळतात. क्यूबिट यांची पाती सरस, यात शंका नाही. पण जादा जोर धरून ठेवण्यापेक्षा सोडून द्यावा ही मूळ कल्पना मीकल यांची.

ड्रम आणि पाती शेजारी ठेवून पाहिली तर कारागीर एकच आहे हे लगेच कळते. एका ठिकाणी घोड्याच्या संथ चालीतून ठरावीक मोठा वेग काढायचा आहे, दुसऱ्या ठिकाणी बेभरवशाच्या वाऱ्याला ठरावीक वेगावर आणायचे आहे. मीकल यांच्या हाताखाली शिकलेला एक मुलगा पुढे फार मोठा झाला: फँटासीच्या रेनी कुटुंबातला जॉन रेनी, जन्म १७६१. लंडनमधल्या वाफेवर चालणाऱ्या अॅल्बियन मिल्सची यंत्रसामग्री त्याने बसवली आणि लाकडी दात्यांच्या जागी ओतीव लोखंड मोठ्या प्रमाणावर वापरले. गिरण्यांमध्ये जात्याच्या तळ्यांमधले अंतर राखायला फिरते गोळे वापरत. १७८८ मध्ये मॅथ्यू बोल्टन यांनी ते अॅल्बियन मिल्समध्ये पाहून आपले भागीदार, वाफेच्या इंजिनाचे जेम्स वॉट, यांना कळवले, आणि वाफेच्या इंजिनाला वेग-नियंत्रक मिळाला. म्हणजे इंजिनाला लगाम घालण्याची युक्ती गिरणीतून आली. शाळेतल्या पुस्तकांत वॉट असतात, गिरणीवाले नसतात.

मळणी यंत्राची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर चित्र खोटे पडेल. झोडणी हे हिवाळ्यातले मजुराचे पोट होते. ते यंत्राने काढून घेतले. मीकल यांच्या मृत्यूनंतर १९ वर्षांनी, ऑगस्ट १८३० मध्ये, इंग्लंडच्या केंट परगण्यात मजुरांनी मळणी यंत्रे फोडायला सुरुवात केली आणि हे लोण दक्षिण इंग्लंडभर पसरले. सरकारने १९ जणांना फाशी दिली आणि सुमारे ५०० जणांना समुद्रापार धाडले. नासधुशीचा रोख ठरवून मळणी यंत्रावर होता, कारण हिवाळ्याची रोजी त्यानेच नेली होती.

पुढच्या सुधारणा थोडक्यात. जॉन गाउचर यांनी १८४८ मध्ये सपाट पट्ट्यांऐवजी खाचदार पट्ट्यांचे पेटंट घेतले. त्यामुळे फटका आणि घासणे दोन्ही एकत्र आले. अमेरिकेत पिट्स बंधूंनी १८३७ मध्ये मळणी आणि सफाई एकाच फिरत्या यंत्रात आणली. आजच्या कंबाइन हार्वेस्टरमध्येही ड्रम आणि जाळी आहेच. खाचदार रूळ मात्र बहुतेक यंत्रांतून गेले, आणि त्याची किंमत हातांनी मोजावी लागली. ते पुढे येते.

आपल्या खळ्यावरच्या यंत्राला हे गणित असे लागू पडते. ड्रमच्या काठाचा वेग काढायचा तर व्यास गुणिले ३.१४ गुणिले मिनिटाचे फेरे, भागिले ६०. व्यास मीटरमध्ये घेतला की उत्तर सेकंदाला मीटरमध्ये येते. ड्रम काटेरी असेल तर व्यास काट्याच्या टोकापासून समोरच्या टोकापर्यंत मोजा, नुसत्या नळकांड्याचा नको. व्यास ६० सेंटिमीटर आणि, बियाण्याच्या सोयाबीनला लागतात तसे, फेरे ४०० असतील तर वेग सेकंदाला १२.६ मीटर. मीकल यांचे मिनिटाला २,५०० फूट म्हणजे सेकंदाला १२.७ मीटर. सव्वादोनशे वर्षांत बियाण्याच्या सोयाबीनसाठी आपण पुन्हा त्याच आकड्यावर आलो आहोत.

गव्हाची आपली यंत्रे याच्या जवळजवळ दुप्पट वेगाने का चालतात? कारण आपल्याला भूस हवे असते. त्याच ड्रमला ७५० फेरे दिले की वेग सेकंदाला साडेतेवीस मीटर होतो. दाणा त्याच्या कितीतरी आधी सुटलेला असतो, वरचा सगळा जोर काडाचा भुगा करण्यात जातो. स्कॉटलंडमध्ये जनावरांखाली पसरायला आणि छपरांना अखंड काडी लागे, म्हणून तिथे कमी वेग परवडला. गडबड होते ती गव्हाची पुली तशीच ठेवून सोयाबीन घातले की. सोयाबीनच्या दाण्याचे टरफल फार पातळ आणि अंकुर टरफलाला लागूनच असतो. दाणा वरून धड दिसतो, आत अंकुराला मार बसलेला असतो, आणि पुढच्या जूनमध्ये दुबार पेरणीची वेळ येते.

बियाण्याचे सोयाबीन मळताना ४०० च्या आसपास फेरे ठेवा, माल फार वाळला असेल तर आणखी कमी. ट्रॅक्टरच्या पी.टी.ओ.चे, म्हणजे बाहेरची यंत्रे फिरवणाऱ्या मागच्या आसाचे, फेरे ५४० असतात. दोन्ही पुल्या सारख्या असतील तर ड्रमही ५४० फेरे घेईल आणि ६० सेंटिमीटरच्या ड्रमचा वेग सेकंदाला १७ मीटर होईल. बियाण्याला तो जास्त आहे. चालवणारी पुली २० सेंटिमीटर असेल तर ड्रमवर २७ सेंटिमीटरची पुली बसवा: ५४० गुणिले २० भागिले २७ बरोबर ४००. ट्रॅक्टरचा अॅक्सिलरेटर कमी करून वेग उतरवण्याची सवय वाईट. त्यात पंख्याचाही वेग पडतो, दाण्यात कचरा राहतो, आणि ढीग आत गेला की इंजिनात जोर नसल्याने ड्रम बसतो. पुली बदलताना पंख्याला वेगळा पट्टा आहे की तो ड्रमच्याच आसावरून चालतो तेही पाहून घ्या. ड्रमच्या आसावरून असेल तर पंख्याची पुली त्या प्रमाणात लहान करावी लागेल.

लक्षणांवरून दोष ओळखता येतो. दाणा फुटलेला पण शेंगा साफ, तर वेग जास्त किंवा माल फार वाळलेला. शेंगा अर्धवट भरलेल्या बाहेर पडतात आणि दाणा धड आहे, तर वेग कमी, जाळी ड्रमपासून लांब किंवा माल ओला. दाणा फुटलेला आणि शेंगाही राहिलेल्या अशी दोन्ही लक्षणे एकदम दिसली तर वेगाला हात लावू नका. ड्रमचे काटे एका बाजूने झिजलेले असतात किंवा जाळी वाकडी बसलेली असते, त्यामुळे एका टोकाला फट मोठी आणि दुसऱ्या टोकाला लहान असते. काड ड्रमभोवती गुंडाळत असेल तर माल ओला आहे किंवा तो मुठीमुठीने न देता पेंढीच्या पेंढी लोटली जात आहे.

आता तो रुळांचा मुद्दा. मीकल यांच्या यंत्रात पेंढी रूळ ओढत, माणसाचा हात ड्रमपासून दूर राही. रूळ काढून टाकलेल्या यंत्रात माणूसच माल आत ढकलतो, आणि काड हाताला किंवा बाहीला गुंतले की हात आत जातो. भारतात धोकादायक यंत्रे (नियमन) अधिनियम, १९८३ हा कायदा मळणी यंत्रांसाठी आहे, आणि मळणी यंत्रांचे भारतीय मानक असे सांगते की माल सरकवण्याची परात निदान ९० सेंटिमीटर लांब आणि ड्रमकडचा तिचा निदान ४५ सेंटिमीटर भाग वरून झाकलेला असावा. हे झाकण माल भराभर जात नाही म्हणून काढून ठेवलेले दिसले तर ते बसवेपर्यंत यंत्र सुरू करू देऊ नका.

मळणी सुरू झाल्यावर पहिल्या पोत्यातले शंभर दाणे मोजून दहा मिनिटे पाण्यात टाका. ज्यांच्या टरफलाला चीर आहे ते लगेच फुगतात आणि सुरकुततात, धड दाणे तसेच राहतात. फुगलेले बरेच निघाले तर यंत्र थांबवून पुली बदला. उरलेला माल अजून खळ्यावरच आहे. नंतर गोणपाटात गुंडाळून उगवण पाहायची ती वेगळी. शंभरातले सत्तर उगवले तर ते बियाणे, त्याखाली गेले तर बाजारात विकायचा माल.